धावत्या चाकाचा थांबलेला भाग

जूनची पहिली सर पडली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेली बातमी असते. अमुक चौकात दुचाक्या घसरल्या, अग्निशमन दलाने येऊन माती टाकली. प्रत्येक वेळी ऑइलचा टँकरच सांडलेला असतो असं नाही. उन्हाळाभर गाड्यांतून ठिबकलेलं तेल, धूळ आणि टायरची झिजलेली भुकटी रस्त्यावर साचते, पहिल्या पावसात त्याचा बुळबुळीत थर होतो. दोन-तीन जोरदार सरींनी तो धुऊन गेला की रस्ता ओला असूनही बरा वागतो.

बातमी वाचून आमचे काका दरवर्षी तोच सल्ला देतात, "पावसात पुढचा ब्रेक धरायचाच नाही." तो का चुकीचा, हे कळायला आधी चाकाची एक गंमत पाहावी लागते.

गाडी ताशी ६० किलोमीटरने पळतेय. तिच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किती वेगाने जातोय? उत्तर आहे शून्य. चाकाचा आस गाडीबरोबर पुढे जातो. चाक फिरत असल्यामुळे त्याचा खालचा भाग आसाच्या मानाने तेवढ्याच वेगाने मागे जातो. वजाबाकी केली की काही उरत नाही. वरच्या टोकाला मात्र हे दोन वेग एकमेकांत मिळतात, म्हणून ते १२० ने पळतं! पटत नसेल तर धावत्या सायकलचा फोटो काढा, कॅमेरा सायकलबरोबर न फिरवता. वरचे स्पोक पुसट येतात, खालचे त्यामानाने स्पष्ट. आणखी सोपा पुरावा ओल्या मातीत असतो. स्कूटर गेली की टायरची नक्षी जशीच्या तशी उमटते. टेकलेला भाग मातीवर सरकत असता तर नक्षी कशी राहिली असती? ठसा मारताना हात हलला की शिक्का फरपटतो, तसं झालं असतं.

थोडक्यात, धावत्या गाडीला रस्ता धरून ठेवतो तो स्थितिक घर्षणाने, म्हणजे एकमेकांवर न सरकणाऱ्या पृष्ठभागांमधल्या घर्षणाने. शाळेत जड पेटी ढकलून पाहिली असेल. हलेपर्यंत जोर जास्त लागतो, एकदा सरकली की कमी पुरतो. सरकणाऱ्या वस्तूचं गतिक घर्षण सहसा कमी असतं. नेमका इथेच घात होतो. घाबरून ब्रेक आवळला की चाक जाम होतं, टायर फिरायचा थांबून घसरू लागतो आणि घट्ट पकड सोडून आपण सैल पकडीवर येतो. तेही ज्या क्षणी घट्ट पकडीची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी.

शिवाय घर्षणाचा शिधा एकच असतो. थांबायला, वळायला, तोल सावरायला, सगळ्याला त्यातूनच वाटा द्यायचा. घसरणाऱ्या टायरवर घर्षणाचं बल फक्त घसरण्याच्या उलट दिशेने लागतं. आडव्या दिशेला काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून जाम झालेलं पुढचं चाक हँडल वळवलं तरी ऐकत नाही.

थोडं गणित करू, नको असेल त्याने हा परिच्छेद ओलांडावा. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. वस्तुमान दोन्हीकडून छाटलं जातं. कोरड्या डांबरावर घर्षणांक (पकड किती घट्ट, ते सांगणारा आकडा) साधारण ०.८ धरला तर ताशी ६० वरून थांबायला सुमारे १८ मीटर लागतात, ओल्यावर ०.४ धरला तर ३५. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच्या एका सेकंदात जाणारे १७ मीटर वेगळेच.

नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू चिरडतात. बाकी फळ काही असो, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये रस सोडायची कल्पना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उलटीच आहे.

आता काकांकडे येऊ. ब्रेक लागला की जडत्वामुळे भार पुढे येतो, पुढचे शॉकअप दबतात. पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं, तिथे घर्षण वाढतं. मागचं हलकं होतं, थोडक्या ब्रेकनेही जाम होतं आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात आहे, फक्त ब्रेक हळूहळू, दाब वाढवत धरायचा; ओल्यात आणखी हळू. हे भीतीच्या क्षणी माणसाला जमत नाही, म्हणून एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम. त्यातला सेन्सर चाक जाम व्हायला लागलंय हे ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सोडून-धरून चाक फिरतं ठेवतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे.

माझी स्कूटर जुनी, तिला असलं काही नाही. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या वळणावर कुत्रं आडवं आलं आणि काकांचं ऐकून मी नुसता मागचा ब्रेक आवळला. उठल्यावर चिखलात पाहिलं. आधी टायरची सुबक नक्षी, मग दीड हात सपाट, गुळगुळीत पट्टा, तो डावीकडे वळलेला, आणि पट्ट्याच्या शेवटी माझ्या कोपराचा ठसा.