हवामान आणि प्राचीन सत्तांचा ऱ्हास

प्राचीन राज्ये व संस्कृती यांच्या अस्ताला अवर्षण वा मॉन्सूनमधील दीर्घकालीन बदल कितपत कारणीभूत होता, हे ठरविण्याची चिकित्सा. मेसोपोटेमियातील अक्कडचे साम्राज्य इ. स. पू. सु. २२०० मध्ये अवर्षणाने मोडले, हे तेल लैलान (ईशान्य सीरिया) येथील उत्खननावर आधारलेले मत १९९३ पासून विशेष चर्चेत आहे. महाराष्ट्रात हा वाद मुख्यतः ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृती (इ. स. पू. सु. १४००–७००) व सातवाहन यांच्यासंबंधी असून दोहोंचे अवशेष नाशिक परिसरात आहेत.

नाशिक व जोर्वे येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये उत्खनन केले. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील बहुतेक जोर्वे वसाहती इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडल्या. भीमा खोऱ्यात घोड नदीकाठचे इनामगाव मात्र पुढे सु. तीनशे वर्षे टिकले. तेथे चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या बदलाचे कारण वाढते अवर्षण हे मानले व त्यासाठी नाईलच्या पूरपातळीचाही (तीही मॉन्सूनवर अवलंबून असते) आधार घेतला. हे मत दीर्घकाळ प्रमाण ठरले. तथापि दूरच्या नोंदींवरून एका खोऱ्याचे पर्जन्यमान ठरविणे जोखमीचे आहे. इगतपुरीस वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात सिन्नरच्या पूर्व भागात जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास; आणि नाशिकला गोदावरीचे पाणी येते ते घाटमाथ्यावरच्या पावसाचे. शिवाय केवळ अवर्षण हेच कारण असते, तर पर्जन्यछायेतील इनामगाव नाशिकच्या आधी उठायला हवे होते. इनामगावी पुराचे पाणी वळविणारा पाट व बांध सापडला आहे. टिकून राहण्याचे श्रेय त्याला द्यावे, हे अधिक सयुक्तिक वाटते.

कालनिश्चितीची अडचण याहून मोठी आहे. इ. स. पू. सु. ८००–४०० या काळात कार्बन-१४ चा अंशशोधन वक्र (मोजलेल्या वयाचे प्रत्यक्ष वर्षांत रूपांतर करणारा आलेख) जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे या टप्प्यातील नमुन्याचे वय काही शतकांच्या पट्ट्यात कोठेही बसू शकते. उत्तर जोर्वेचा (जोर्वे संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्याचा) शेवट नेमका याच पट्ट्यात येतो. म्हणून ‘अवर्षण आधी, वस्ती नंतर उठली’ हा क्रम, ज्यावर कार्यकारणाचा सारा युक्तिवाद उभा आहे, तोच सिद्ध करणे कठीण जाते.

सातवाहन सत्ता इ. स. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात संपली. पुढे पैठण, तेर, नेवासे ही नगरे खालावली. त्यास रोमन व्यापाराची ओहोटी, प्रांतिक सत्तांचा उदय व काहींच्या मते अवर्षण कारणीभूत होते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाचा नवव्या राज्यवर्षाचा लेख (बहुधा तिसऱ्या शतकाचा मध्य) येथे महत्त्वाचा ठरतो. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी नाशिकजवळच्या गोवर्धन येथील श्रेणींकडे (व्यावसायिकांच्या संघांकडे) कायम ठेव ठेवल्याचे तो सांगतो. त्यांत तेली आहेत आणि ओदयंत्रिक, म्हणजे बहुधा जलयंत्रे करणारे, हेही आहेत. त्याआधी शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्याच कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण (नाणी) ठेवले होते. राजवंश बदलले तरी व्याजावर ठेव घेणाऱ्या श्रेणी चालू होत्या. राजसत्तेचा अस्त आणि नगराचा ऱ्हास या दोन वेगळ्या घटना धरून त्यांची कारणे स्वतंत्रपणे शोधावी लागतात.

केवळ दुष्काळाने सत्ता कोसळतेच असे नाही, हे नंतरच्या काळातही दिसते. दख्खनमधील १३९६–१४०७ चा, परंपरेने सांगितला जाणारा, दुर्गादेवीचा दुष्काळ बहमनी राज्याने पचविला. उलट १६३०–३२ च्या दुष्काळापाठोपाठ १६३३ मध्ये दौलताबाद पडले व १६३६ मध्ये निजामशाही संपली. मात्र त्या वेळी मोगल फौजा दारात होत्या आणि मलिक अंबर १६२६ मध्येच निवर्तला होता.