केमिस्ट्री कुठे संपते, गुणवत्ता कुठे सुरू होते? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला जुना घोळ

मार्केल फुल्ट्झ २०१६-१७ च्या मोसमात वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळला. दर सामन्यात सरासरी २३ हून जास्त गुण आणि जवळपास सहा असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास), म्हणजे चेंडू दाबून ठेवणारा खेळाडू तो नव्हताच. संघाने मात्र ९ सामने जिंकले आणि २२ हरले. त्याच उन्हाळ्यात एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या क्रमांकावर निवड झाली ती फुल्ट्झची. अशा संघाबद्दल ‘केमिस्ट्री नव्हती’, म्हणजे खेळाडूंचं आपसात जुळत नव्हतं, असं चटकन म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्याच्या आजूबाजूला पुरेसे चांगले खेळाडूच नव्हते, आणि ही उणीव गुणवत्तेची आहे.

गुणवत्ता एकेकट्या खेळाडूत असते: शॉट, उडी, चेंडूवरचा ताबा. कॉलेज बदललं तरी ती त्याच्याबरोबर जाते. केमिस्ट्री खेळाडूंच्या मधल्या जागेत असते. स्क्रीन लावल्यावर (प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून उभं राहिल्यावर) सहकारी कोणत्या बाजूने वळेल हे आधीच कळणं; कुणाच्या हातून त्याच्याकडचा प्रतिस्पर्धी निसटला तर हाक न मारता मदतीला सरकणं; आणि मदतीला गेलेल्याची मोकळी जागा तिसऱ्याने भरणं. यातलं फारच थोडं आकड्यांच्या तक्त्यात उमटतं. पाच जण जिवलग मित्र असायलाच हवेत असंही नाही. मैत्री असूनही बचावात भोकं पडतात.

केंटकीचे दोन संघ शेजारी ठेवले की घोळ नीट दिसतो. प्रशिक्षक एकच, जॉन कॅलिपारी. राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या २०१२ च्या अंतिम सामन्यात त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू अँथनी डेव्हिसने दहापैकी एकच शॉट बास्केटमध्ये टाकला. त्याचे गुण सहा. पण १६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), सहा ब्लॉक (समोरच्याचे अडवलेले शॉट) आणि पाच असिस्ट करून अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि केंटकीने कॅन्ससला ६७-५९ असं हरवलं. त्या मोसमात संघातले सर्वाधिक शॉटही तो घेत नव्हता. शॉट पडत नसतानाही आपली गरज कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि इतरांनाही.

२०१५ च्या केंटकी संघात राखीव खेळाडूंपर्यंत त्याहून जास्त गुणवत्ता होती. ३८ सामने सलग जिंकून तो उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनसमोर आला. पुढे एनबीएचा तारा झालेला डेव्हिन बुकर या संघात बेंचवरून, म्हणजे राखीव म्हणून, यायचा! सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात आघाडी असताना केंटकीने लागोपाठ तीनदा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, संपू दिला. तेव्हा एका चढाईला ३५ सेकंद मिळत. एवढ्या वेळात शॉट कुणाचा हे ठरेना. विस्कॉन्सिनचा बचाव चांगला होता हे खरंच, पण अवघड क्षणी चेंडू कुणाकडे जाणार याचं उत्तर त्या पाच जणांकडे तयार नव्हतं. केंटकी ७१-६४ ने हरली.

मग अपेक्षेप्रमाणे निष्कर्ष निघाला: एका वर्षासाठी येणारी तारांकित पोरं हरली, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेला संघ जिंकला. हा निष्कर्ष त्या मुलांवर अन्याय करणारा आहे, कारण दोनच दिवसांनी तोच विस्कॉन्सिन संघ अंतिम सामन्यात ड्यूककडून ६८-६३ ने हरला आणि ड्यूकच्या ६८ पैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या खेळाडूंनी केले. त्यांतल्या टायस जोन्स आणि जहलील ओकाफोरने एकाच कॉलेजात जायचं असं ठरवून प्रवेश घेतला होता. कॉलेजात ते नवे होते, एकमेकांना नव्हे. अनुभव आणि केमिस्ट्री यांची गल्लत होते ती इथे. चौथ्या वर्षाचा खेळाडू शांत असतो, शरीराने भक्कम असतो, पण ते त्याचं स्वतःचं कौशल्य झालं. शेजारच्याशी त्याचं जुळतं का, हा प्रश्न उरतोच.

महिलांच्या स्पर्धेतलं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. २०२३ च्या उपांत्य फेरीत आयोवाच्या केटलिन क्लार्कने ४१ गुण केले आणि तोवर अपराजित असलेल्या साउथ कॅरोलिनाला ७७-७३ ने घरी पाठवलं. त्यानंतर साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या संघातल्या सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या. पुढच्या वर्षी नव्या पाच जणी उभ्या राहिल्या आणि ३८-० अशा मोसमाचा शेवट आयोवालाच ८७-७५ ने हरवून झाला. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले होते, एकूण ३०. पण साउथ कॅरोलिनाच्या बेंचने ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. याला काय म्हणायचं? इतक्या चांगल्या खेळाडू राखीव असणं ही सरळ गुणवत्ता आहे. दुसऱ्या कॉलेजात सहज पहिल्या पाचात बसणाऱ्या मुलीने इथे थोडी मिनिटं मान्य करणं आणि उतरताक्षणी त्याच लयीत खेळणं, यात केमिस्ट्री आहे. पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनने बेंचवरून येऊन १९ गुण केले. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या आहेत, म्हणून त्यांतली एकच उचलून श्रेय देणं चुकीचं आहे.

२०२१ पासून कॉलेज बदलून लगेच खेळणं सोपं झाल्यावर प्रशिक्षकांना दर उन्हाळ्यात अर्धा संघ नव्याने बांधावा लागतो. कनेक्टिकटच्या २०२४ च्या संघात ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलिनातून आलेला, कॅम स्पेन्सर रटगर्समधून, स्टीफन कॅसल पहिल्या वर्षाचा. अंतिम सामन्यात समोर पर्ड्यूचा सात फूट चार इंची झॅक ईडी. त्याने ३७ गुण केले. पण कनेक्टिकटने त्याला शक्यतो एकाच माणसावर सोडलं आणि बाकीचे पर्ड्यूच्या दुरून शॉट मारणाऱ्यांना चिकटून राहिले. ईडी पुन्हा पुन्हा गुण करत असताना घाबरून आत न धावणं सोपं नसतं. त्यासाठी आपल्या सेंटरवर (ईडीला अडवणाऱ्या उंच खेळाडूवर) आणि ठरलेल्या बेतावर भरवसा लागतो. पर्ड्यूचे तीन गुणांचे सातच शॉट झाले, पडला एक, आणि कनेक्टिकट ७५-६० ने जिंकली.