‘पॅट्रिया’: रंगमंचावरून तळ्याकाठी

कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांनी १९६६मध्ये ‘पॅट्रिया’ ही संगीतनाट्यांची मालिका लिहायला घेतली, तेव्हा त्यात जंगल नव्हतं, तळंही नव्हतं. पहिल्या भागाचा नायक परक्या देशात येऊन पडलेला, तिथली भाषा न कळणारा निर्वासित. दुसऱ्या भागात मनोरुग्णालयात अडकलेली ॲरिॲड्नी नावाची स्त्री. दोन्ही भाग नाट्यगृहासाठीच होते. दुसरा १९७२मध्ये कॅनडातल्याच स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवात आधी रंगला, पहिल्याला १९८७पर्यंत थांबावं लागलं.

मधल्या काळात शेफर यांचा कान बदलला. सायमन फ्रेझर विद्यापीठात ते सहकाऱ्यांबरोबर शहरागावांतले आवाज नोंदवत होते. १९७५मध्ये ते ऑन्टॅरिओतल्या बॅनक्रॉफ्टजवळ एका शेतघरात राहायला गेले. चार वर्षांनी त्यांनी एका तळ्याभोवती ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य वाजवणारे १२ वादक उभे केले. वेळ पहाटेची आणि सांजेची, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाण्यावरून आवाज लांबवर जातो.

त्यातूनच १९८१मध्ये टोरंटोजवळच्या हार्ट लेकवर ‘द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ हा ‘पॅट्रिया’चा नवा भाग उभा राहिला. प्रेक्षक अंधारात काठावर बसलेले. पाण्यापलीकडून एका गायिकेचा एकटा सूर येतो. पात्रं होड्यांतून येतात आणि कुणालाच न कळणाऱ्या भाषांत गातात. अर्थ सांगायला एक निवेदक. सूर्यदेवतेचा प्रवेश खऱ्या सूर्योदयाशी जुळवलेला, म्हणजे ताल धरायचा तो उजाडण्याचा. कथा कॅनडाच्या मूलनिवासींच्या दंतकथांच्या धाटणीची, पण शेफर यांनी स्वतः रचलेली. त्यावर उसनवारीचा आक्षेप घेतला गेला, आणि तो मला रास्त वाटतो.

लांडग्याची हाक ऐकून तारकांची राजकन्या पृथ्वीवर पडते, ही त्या कथेची सुरुवात. मागाहून लिहिलेला हा भाग मालिकेची नांदी ठरला आणि आधीच्या भागांचा अर्थच पालटला. निर्वासित हा तो लांडगा, ॲरिॲड्नी ही ती राजकन्या. पहिल्या भागाचं नावही ‘वुल्फमॅन’ झालं. मालिकेतली सगळ्यात धाडसी गोष्ट मला हीच वाटते.

पुढे जागा आणि वेळ हेच नाटकाचे नियम झाले. मालिकेतलं १९८३चं ‘रा’ टोरंटोच्या विज्ञान केंद्रात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चाललं. प्रेक्षक मोजकेच, तेही दीक्षा घेणारे साधक म्हणून रात्रभर फिरणारे. नांदी आणि भरतवाक्य धरून मालिका १२ भागांची झाली. या भरतवाक्यात लांडगा आणि राजकन्या पुन्हा भेटतात. ते हॅलिबर्टनच्या जंगलात आठवडाभर तंबू ठोकून केलं जातं आणि त्याला प्रेक्षकच नसतात. जो येतो तो भाग घेतो.