एकीने काही होत नाही, दोघी लागतात

‘दमा आहे म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडतेय’ असं म्हणत घरोघरी काढ्याच्या बाटल्या येतात. ॲलर्जीच्या दम्यात नेमकं उलट असतं. परागकण किंवा धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म किडे अशा निरुपद्रवी गोष्टींवर शरीर तुटून पडतं, आणि त्यामागे असते आयजीई नावाची अँटीबॉडी, म्हणजे परक्या गोष्टींना पकडणारं रक्तातलं प्रथिन.

तिच्या शोधाची मुळं मला पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबून शिकण्याच्या वर्षांत दिसतात. जपानचे किमिशिगे इशिझाका १९५७ साली कॅलिफोर्नियात, कॅलटेक या विज्ञानसंस्थेत डॅन कॅम्पबेल यांच्याकडे गेले. तिथे गिनिपिगच्या कातडीत अँटीबॉडी टोचून पाहताना एक गोष्ट हाती लागली: सुट्या अँटीबॉडी काही करत नाहीत, एकमेकींना जोडल्या गेल्या की कातडी लाल होऊन सुजते.

पुढे डेन्व्हरच्या बालदमा संशोधन संस्थेत पत्नी तेरुको यांच्यासोबत त्यांनी रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांचं रक्तद्रव्य तपासायला घेतलं. रॅगवीड हे आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं तण. रक्तात आयजीई इतकी कमी, की तेव्हाच्या उपकरणांना ती सापडत नसे. मग कातडीच उपकरण झाली: रक्तद्रव्याचा अंश टोचायचा, नंतर त्याच जागी रॅगवीडचा अर्क, आणि गांधी उठते का ते पाहायचं. हे टोचून घ्यायला दोघांनी स्वतःची पाठ दिली. १९६६ साली नवी अँटीबॉडी जाहीर झाली.

आता खरी गंमत. आयजीई रक्तात जेमतेम दोन दिवस टिकते, पण कातडीत आणि श्वासनलिकांत असणाऱ्या मास्ट पेशींवर बसली की कित्येक आठवडे तिथेच राहते. नुसतं बसून काही होत नाही. परागकणातलं प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं, की त्यांच्याखालचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या त्यांच्या बैठका, जवळ ओढले जातात आणि पेशी काही मिनिटांत हिस्टामिन हे दाहक रसायन बाहेर टाकते. श्वासनलिका आवळतात, कफ वाढतो. इशिझाकांनी याचीही परीक्षा घेतली. त्यासाठी त्यांनी आयजीईलाच पकडणारी दुसरी अँटीबॉडी टोचली; तिला दोन हात असतात. दोन्ही शाबूत असले तर गांधी उठते, एकच हात ठेवला तर उठत नाही. परागकणाचीसुद्धा गरज नाही, दोघींना जोडणं पुरेसं!

एवढं ठाऊक असताना कोजागरीच्या खिरीतलं औषध घेऊन इनहेलर बंद करणारे लोक पाहिले की जीव तळमळतो. दम्याचा जोर आपोआप कमी-जास्त होतो, त्यामुळे श्रेय खिरीला जातं. इनहेलरची ‘सवय लागते’ हीही भीती खोटी. तो सोडल्यावर आलेला झटका जिवावर बेतू शकतो.

आयजीईवरचं औषध बनवणाऱ्यांसमोर मोठा पेच होता. ते औषधही दोन हातांचीच अँटीबॉडी, म्हणजे पेशीवरच्या आयजीईंना तेच जोडून टाकेल आणि झटका आणेल. म्हणून ओमालिझुमॅब असं घडवलं, की ते आयजीईच्या रिसेप्टरवर टेकणाऱ्या बाजूलाच पकडतं. पेशीवर बसलेल्या आयजीईची ती बाजू झाकलेली असते, त्यामुळे औषधाच्या हाती फक्त रक्तातली मोकळी आयजीई लागते. अमेरिकेत २००३ साली त्याला दम्यासाठी मान्यता मिळाली.