झुलता पूल आणि वारा: १८२६ पासूनची गोष्ट

झुलत्या पुलाचं मूळ गणित सोपंय. डेक, म्हणजे रस्त्याचा भाग, हँगरला (उभ्या तारांना) लटकतो, हँगर मेन केबलला, केबल टॉवरवरून जाऊन दोन्ही टोकांना अँकरेजच्या प्रचंड वजनात अडकवलेली, म्हणजे केबलमध्ये नुसता ताण आणि टॉवरवर दाब. वजन पेलायचं कोडं माणसाने तसं लवकर सोडवलं, खरा त्रास दिला तो वाऱ्याने.

वेल्समधला थॉमस टेलफर्डचा मेनाई पूल १८२६ चा, लोखंडी साखळ्यांचा, गाळा, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, १७६ मीटर. १८३९ च्या वादळात त्याच्या डेकची चांगलीच मोडतोड झाली. अमेरिकेत ओहायो नदीवरचा व्हीलिंगचा पूल तर १८५४ मध्ये वाऱ्याने पाडलाच. इंजिनिअर जॉन रोबलिंगने हे सगळं नीट बघितलं होतं, म्हणून त्याच्या न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन ब्रिजला (१८८३, गाळा ४८६ मीटर) मेन केबल असूनही टॉवरपासून तिरप्या तारा आहेत आणि डेकला भक्कम ट्रस (त्रिकोणांची जाळीदार चौकट). माझ्या मते त्या पुलातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

मग डिफ्लेक्शन थिअरी आली. मोठ्या गाळ्यात जड केबल स्वतःच पुलाला ताठपणा देते, डेक बारीक चालतो, असं ती सांगायची आणि वजनाच्या हिशोबात ते बरोबरही होतं, न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजने १९३१ मध्ये एकदम १०६७ मीटरचा गाळा गाठला तो त्याच जोरावर. पण डेक बारीक होत गेले आणि वारा हिशोबातून सुटला. अमेरिकेतल्याच टॅकोमा नॅरोज पुलाला ८५३ मीटरच्या गाळ्याला गर्डर (डेकला ताठ ठेवणारी तुळई) होता फक्त २.४ मीटर उंचीचा! जुलै १९४० मध्ये उद्घाटन, ७ नोव्हेंबरला ताशी ६०-६५ किमी वाऱ्यात डेक पिळवटून खाली. याला सरसकट रेझोनन्स (वाऱ्याच्या झोक्यांचा ठेका पुलाच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळणं) म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. तो फ्लटर होता, डेक जितका पिळला जाई तितकी त्याची स्वतःचीच हालचाल वाऱ्यातून आणखी ऊर्जा ओढून घेई.

त्यानंतर विंड टनेल टेस्ट आल्या, म्हणजे पुलाच्या छोट्या मॉडेलवर वारा सोडून बघणं. टॅकोमाचा नवा पूल १९५० मध्ये १० मीटर उंचीच्या ट्रसवर उभा राहिला, तर ब्रिटनने सेव्हर्न पुलाला (१९६६) उलटी वाट धरली, डेकच विमानाच्या पंखासारखा चपटा निमुळता केला, वारा कापला जावा म्हणून. जपानच्या आकाशी काइक्योने (१९९८, १९९१ मीटर) पुन्हा ट्रस घेतला. तुर्कस्तानच्या चानाक्काले पुलाला, जो २०२२ पासून २०२३ मीटरच्या गाळ्याने पहिल्या नंबरवर आलाय, डेक म्हणून दोन वेगळे पोकळ बॉक्स आहेत आणि मधे मोकळी फट ठेवलीय, वाऱ्याला जायला.