हेल्मेट, मेमो आणि कलम २००: गुजरातच्या रस्ता-कायद्याची मागची गोष्ट

मार्च २०२५मध्ये होळीच्या रात्री बडोद्याच्या कारेलीबागेत एका भरधाव मोटारीने दुचाकीवाल्यांना उडवलं, एका बाईंचा जीव गेला. पुढे कित्येक दिवस दांडिया बाजारात काय नि अलकापुरीत काय, एकच बोलणं: राज्याने कायदा कडक करायला हवा. मागणी रास्त आहे. पण राज्याच्या हातात आहे काय, आणि तो हात आजवर कुठल्या बाजूला वळला, हे पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं.

यंत्रावर चालणारी वाहनं हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत ३५व्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्रानेही कायदा करावा, राज्यानेही. दोघांचं जुळलं नाही तर केंद्राचा कायदा चालतो. राज्याचा टिकवायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. १९१४ आणि १९३९चे मोटार कायदे ब्रिटिश हिंदुस्थानाचे होते. गायकवाडांचं बडोदे त्याबाहेर होतं. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०मध्ये गुजरात झाला, आणि १ जुलै १९८९पासून सगळीकडे १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाला.

या कायद्याच्या कलम १२९ने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं. त्याच कलमाच्या शेपटाला एक ओळ होती: राज्य सरकारला योग्य वाटतील ते अपवाद नियमांनी करता येतील. देशभरच्या ढिलाईचं बरंचसं मूळ या ओळीत आहे, असं माझं मत. २०१९च्या दुरुस्तीत नवं कलम लिहिलं गेलं, त्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आलं, पगडी घालणाऱ्या शिखांची सूट राहिली आणि राज्यांच्या अपवादांची ती ओळ गेली.

दुरुस्तीमागे सुप्रीम कोर्टाचाही रेटा होता. कोइमतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या याचिकेवरून कोर्टाने २०१४मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली आणि ती राज्यांकडून हिशेब मागू लागली.

१ सप्टेंबर २०१९ला नवे दंड आले. हेल्मेट नसेल तर १०० रुपयांऐवजी १,०००, दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्या खेपेला १०,०००पर्यंत, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बडोद्यात हेल्मेटच्या दुकानांपुढे आणि पीयूसीसाठी रांगा लागल्या. (आमच्याकडे दंडाच्या पावतीला कुणी पावती म्हणत नाही, ‘मेमो फाटला’ म्हणतात, हल्ली कॅमेऱ्यातून ई-मेमो घरी येतो.)

दहा दिवसांत, १० सप्टेंबरला, मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी दंड उतरवले. हेल्मेट आणि सीटबेल्टचे १,००० होते, ते ५०० झाले. वाट सापडली ती कलम २००ची. चौकात आपण पोलिसाला पैसे देतो तेव्हा तो कोर्टाने ठोठावलेला दंड नसतो, ती तडजोडीची रक्कम असते: कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची किंमत. ती ठरवण्याचा अधिकार राज्याकडे आहे. कायद्याला हात न लावता त्याची किंमत निम्मी करता येते, ती अशी.

४ डिसेंबर २०१९ला सरकार आणखी पुढे गेलं. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक, असं जाहीर झालं. कारण दिलं लोकांच्या तक्रारींचं. तक्रारी होत्याच, नाही म्हणणार नाही. नवरात्रात गरब्याला निघालेली मुलगी गजरा, अंबाडा सांभाळून हेल्मेट कशी घालणार, हा प्रश्न आमच्या घरीही दरवर्षी निघतो. पण डोकं शहरात वेगळं आणि हायवेवर वेगळं नसतं. सुप्रीम कोर्टाच्या समितीने खुलासा मागितला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि हेल्मेट सक्तीचंच आहे असं सरकारला सांगावं लागलं. जानेवारी २०२०मध्ये केंद्रानेही राज्यांना कळवलं की कायद्यातल्या किमान दंडाच्या खाली जाता येणार नाही.

केंद्राच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२मध्ये देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली, त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. चालवणारे ३५,६९२, मागे बसलेले १४,३३७. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागतं हे बडोद्यात अजून निम्म्या लोकांच्या गावी नाही.

राज्याला कडक व्हायचं तर दरवाजा कायद्यातच आहे. कलम २१०क म्हणतं की केंद्राने घातलेल्या अटींत राहून राज्य प्रत्येक दंडाला एक ते दहा या दरम्यानचा गुणक लावू शकतं. म्हणजे १,०००चा दंड १०,०००पर्यंत नेता येतो. खाली नेण्याची सोय त्यात नाही. २०१९च्या सगळ्या गदारोळात या कलमाचा उच्चार मी एकदाही ऐकला नाही, जो तो २००च्या मागे.

रस्ते बांधणाऱ्यांसाठी कलम १९८क आहे: आराखड्यात किंवा देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आलं, तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. एका माणसाच्या जिवापुढे ही रक्कम किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

फेब्रुवारी २०२५मध्ये गुजरातने दुचाकीवरून येणाऱ्या सरकारी नोकरांना हेल्मेट सक्तीचं केलं आणि कचेऱ्यांच्या फाटकांवर पोलीस उभे केले. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, १९८८चाच पुरला.