भांगेच्या कायदेशीर उत्पादनांवरची लेबले : नियम कुठून आले?

सोलापुरातल्या आयुर्वेदिक दुकानाच्या फळीवर आज एकाच झाडापासून बनलेल्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी असू शकतात. एकीवर 'हेम्प सीड ऑइल', म्हणजे भांगेच्या बियांचं तेल, आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक. दुसरीवर 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव), 'आयुर्वेदिक औषध' आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक. पहिली स्वयंपाकघरातली, दुसरी वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायची. दोन्ही कायदेशीर आहेत, पण गिऱ्हाईक दोन्हींना 'गांजाचं तेल' म्हणतं आणि गुडघेदुखीसाठी बियांचं तेल घेऊन जातं. लेबलावर सगळं छापलेलं असूनही असं होतं, कारण हे नियम आधी सरकारी तिजोरीसाठी झाले, नंतर पोलिसांसाठी, आणि घेणाऱ्याच्या जिवाचा विचार त्यात सगळ्यांत उशिरा आला.

ब्रिटिश अमलात गांजा हा अबकारी माल होता. मुंबई इलाख्याचा १८७८चा अबकारी कायदा दारूबरोबर गांजा-भांगेलाही लागू होता. बंगालमध्ये नौगावच्या पट्ट्यात परवान्याने लागवड होई आणि माल 'गोला' नावाच्या गोदामांत सरकारी देखरेखीखाली ठेवला जाई. चपटा, गोल आणि चूर असे त्याचे तीन प्रकार आणि प्रत्येकाचा कर वेगळा, कारण चपट्या गांजात काड्या जास्त, तर चुऱ्यात जवळजवळ नसतच. प्रकार, वजन, भरलेला कर एवढंच सरकारला हवं असे. माल किती जहाल आहे, हे ओढणाऱ्याला सांगण्याची सोय त्यात नव्हती. १८९३-९४च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि सरसकट बंदी नको, कर आणि परवाना हाच मार्ग ठेवा, असा कौल दिला.

घेणाऱ्यासाठी लेबल ही कल्पना औषधांच्या बाजूने आली. कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनसी यांनी १८३९मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केल्यावर गांजाचा अल्कोहोलमधला अर्क पाश्चात्त्य दवाखान्यांत पोचला आणि पुढे अनेक पेटंट औषधांत गुपचूप मिसळला जाऊ लागला. अमेरिकेच्या १९०६च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने अफू, मॉर्फिन, कोकेन यांच्याबरोबर 'कॅनाबिस इंडिका'चं प्रमाणही बाटलीवर छापणं सक्तीचं केलं. विकायला बंदी नव्हती, लपवायला होती. या विषयातलं सर्वांत शहाणं पाऊल मला आजही तेच वाटतं.

१९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांवरच्या एकल कराराने 'कॅनाबिस' म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे अशी व्याख्या केली. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया बाहेर ठेवल्या. आपल्या १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने तीच रेघ उचलली. गांजा आणि चरस आत, नुसतं पान आणि बी बाहेर. विजया असलेली आजची औषधं आणि बियांचं तेल याच फटीत उभी आहेत. महाराष्ट्रात आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा लागतो. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, नावात दारू असली तरी भांगेलाही लागतो. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात सरकारमान्य भांगेचं दुकान दिसतं म्हणून सोलापुरात तशी मोकळीक आहे, असं समजू नये.

आयुर्वेदिक औषधं १९६४च्या दुरुस्तीने औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली. त्या नियमांतली अनुसूची ई(१) ही विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात वत्सनाभ, धोत्रा, बिब्बा यांच्या पंक्तीला भांगही बसवली आहे, बिया वगळून. यादीतलं द्रव्य पोटात घेण्याच्या औषधात असेल, तर नियम १६१ प्रमाणे वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत ठळक छापावी लागते. शिवाय घटकांची खरी यादी प्रमाणासह, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द. जातीफलादि चूर्णासारखं जुनं, ग्रंथोक्त औषधही यातून सुटत नाही.

आता यातली खरी गोम. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, नुसतं विकायला लागत नाही. ॲलोपॅथीच्या दुकानात फार्मासिस्ट आणि विक्री परवाना ही दोन दारं असतात. इथे दोन्ही नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी त्याला थांबवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लेबल. भांगेच्या मुनक्का गोळ्या 'पाचक' म्हणून पानटपरीवर पोचतात त्या याच वाटेने. पुडीवर आयुर्वेदिक लिहिलेलं असतं आणि सूचना मुंगीच्या अक्षरात दुमडीखाली जाते.

लेबलावर काय लिहू नये, याचाही कायदा जुना आहे. १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात 'जाहिरात' या व्याख्येतच लेबल आणि वेष्टन येतं. त्यामुळे बाटलीवर कर्करोग, मधुमेह किंवा अपस्मार बरा करण्याचा दावा छापणं म्हणजे बेकायदा जाहिरात.

मुलांच्या सुरक्षिततेचा धडा अमेरिकेतून आला, तोही गांजाच्या निमित्ताने नव्हे. १९७०च्या विषबाधा-प्रतिबंधक वेष्टन कायद्याखाली झाकणांची चाचणी ठरली ती औषधं आणि घरातल्या रसायनांसाठी. ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांच्या हातात बंद बाटली द्यायची. पहिल्या ५ मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग शब्दावाचून एकदा उघडून दाखवायची आणि आणखी ५ मिनिटं द्यायची. तरीही किमान ८० टक्के मुलं हरली पाहिजेत. उलट ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी ९० टक्क्यांना ती उघडता आणि नीट लावता आली पाहिजे. हा दुसरा भाग फार मोलाचा आहे. म्हाताऱ्या बोटांना न उघडणारं झाकण लोक एकदा कसंबसं उघडतात आणि पुन्हा लावतच नाहीत.

कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ला दुकानं उघडली आणि चॉकलेट, गमी यांच्या रूपातला माल घरोघरी गेला. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो. लहान मूल तर तो खाऊच समजतं. याच धोक्यासाठी एका मात्रेत १० मिलिग्रॅम टीएचसी (नशा आणणारा घटक) आणि पूर्ण पाकिटात १०० मिलिग्रॅम ही मर्यादा, सर्वांना ओळखू येईल असं एकच चिन्ह आणि मुलांना न उघडणारं वेष्टन हे नियम आले. कॅनडा आणखी कडक निघाला. तिथे १७ ऑक्टोबर २०१८पासून विक्री सुरू झाली ती एकरंगी, साध्या वेष्टनात, पिवळ्या चौकटीतल्या आरोग्य-सूचनेसह. वर्षभराने खाद्यपदार्थ आले तेव्हा पूर्ण पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

तिथेही आकड्यांनी लोकांना चकवलं. ताज्या फुलात टीएचसी थोडं आणि टीएचसी-आम्ल जास्त असतं. तापवल्यावर आम्लाचं टीएचसी होतं, पण वजन घटतं. म्हणून आम्लाच्या आकड्याला ०.८७७ने गुणून मग बेरीज करायची. २० टक्के आम्ल म्हणजे सुमारे १७.५ टक्के टीएचसी. दोन आकडे छापले आणि त्यांतला फरक सांगितला नाही, तर वाचणारा हमखास चुकीचा उचलतो.

भारतात एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१७मध्ये हेच आकडे ठेवले होते आणि पाकिटावर झाडाच्या पानाचं चित्रही बंद केलं होतं. ते योग्यच होतं. पान दिसलं की लोक नशा किंवा औषध यांपैकी काहीतरी गृहीत धरतात, आणि बियांच्या तेलात दोन्ही नसतं.

नियम १६१मध्ये मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची अट आजही नाही. सूचनेची भाषा इंग्रजी आणि हिंदी. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं आहेत, अक्कलकोटकडून येणारं गिऱ्हाईक कन्नड बोलतं आणि बाकीचं शहर मराठी वाचतं. या औषधांकडे वळणारे बरेच जण वयस्कर, दुखण्याने कावलेले. त्यांना कळेल अशा भाषेत सूचना नसेल तर ती असून नसल्यासारखी आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनी जादा भाषा छापायला मनाई केलेली नाही. दुकानदाराने 'पोटात घेण्याचे औषध, वैद्यांच्या सांगण्यानेच, मुलांपासून दूर' एवढं मराठीत, लागेल तिथे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये लिहून चिकटवावं. चिठ्ठी बाटलीवरच लावावी, कारण खोका पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो. बॅच, तारीख, किंमत मात्र झाकू नये. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. तेल पातळ होऊन ड्रॉपरच्या रबराशी पाझरतं आणि साध्या कागदावरची शाई पुसली जाते. वरून पारदर्शक पट्टी लावली की अक्षरं टिकतात.

प्रवासात बाटली, वैद्यांची चिठ्ठी आणि बिल एकत्र ठेवावं. आंध्र-ओडिशा सीमेकडून येणारा गांजा हैदराबाद-सोलापूर-पुणे रस्त्यावर पकडला जातो, तपासणी कडक असते, आणि खरवडलेल्या लेबलाची बाटली आत काय आहे ते सांगू शकत नाही.

बाटलीवरचा मोठा आकडा सर्वांत आधी फोडून घ्यावा. ३० मिलीच्या बाटलीवर '१५०० मिलिग्रॅम' असेल तर ते बहुधा पूर्ण बाटलीचं प्रमाण; एका मिलीत ५० मिलिग्रॅम झाले. मिलीचे २० थेंब धरले तर एका थेंबात अडीच. पण तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाएवढा नसतो आणि ड्रॉपरागणिक बदलतो, म्हणून वैद्यांकडून मात्रा मिलीत लिहून घ्यावी आणि खुणा असलेल्या ड्रॉपरनेच मोजावी. तो १५००चा आकडा अर्काचा आहे की त्यातल्या एखाद्या घटकाचा, हे लेबलावर स्पष्ट नसेल तर बाटली परत करावी.